बोंद्रे मॅडमचा आडवा ग्रह

शाळेची स्मरणिका निघायची आहे, तिच्यात बोंद्रे मॅडमबद्दल तुम्हीच चार चांगले शब्द लिहा, असा संस्थेचा निरोप आला. मी मुख्याध्यापक, त्यात मराठीचा शिक्षक. लग्नपत्रिकेपासून निरोप समारंभापर्यंत कुठेही शब्द कमी पडले की लोक माझ्याकडे येतात. पण बोंद्रे मॅडमबद्दल चार चांगले शब्द? मी खूप विचार केला. 'वक्तशीर' हा एक सापडला. बाकीचे तीन अजून शोधतो आहे. तेव्हा स्मरणिकेसाठी दुसऱ्या कुणाला तरी सांगा म्हणून कळवलं आणि हे माझ्यापुरतं लिहायला बसलो. आधीच सांगून टाकतो, मला ही बाई आवडत नव्हती. आजही आवडत नाही. त्या हयात आहेत, ठणठणीत आहेत आणि हे वाचलं तर त्यांना काही वाटणार नाही, हे तर मला मुळीच आवडत नाही.

आमची शाळा पुण्याजवळ, पिरंगुटच्या अलीकडे, पाचवी ते दहावी. मुलं उरवड्याची, नांद्याची, आसपासच्या वाड्यावस्त्यांवरची. कुणाचे आईबाप कारखान्यात, कुणाची जमीन विकून झालेली, कुणाची विकायची राहिलेली. मी स्वतः सूसला सोसायटीत राहतो, पण सोसायटीतलं एकही मूल आमच्या शाळेत येत नाही. या शाळेत बोंद्रे मॅडम विज्ञान शिकवायला बुलढाण्याहून आल्या. लग्न केलेलं नव्हतं, का नव्हतं ते विचारायची आमच्यात कुणाची छाती झाली नाही. उंच, हाडकुळ्या, पायात पुरुषी सँडल, खांद्याला कापडी पिशवी. चहा बिनसाखरेचा आणि उभ्याने. बसून चहा पिणाऱ्या आम्हा सगळ्यांकडे त्या अशा बघायच्या, की जणू आम्ही पाट-रांगोळी मांडून जेवायलाच बसलोय.

त्यांचा एक ठरलेला प्रश्न होता. समोरचा काहीही म्हणाला, की चष्मा जरा खाली घेऊन त्या विचारायच्या, "वाचलंय, ऐकलंय की पाहिलंय?" शिक्षकांच्या खोलीत कुणाच्या बदलीची कुजबुज असो, कुणाच्या घरातलं भांडण असो, हा प्रश्न आला की विषय जागच्या जागी मरायचा. मजा म्हणून काही बोलायची सोयच राहिली नव्हती. एकदा मी नुसतं म्हणालो, "आज उकाडा फार आहे." मॅडमनी भिंतीवरच्या तापमापकाकडे बोट केलं. कालच्यापेक्षा पारा खाली होता. आता माणसाला उकडतंय की नाही हे पाऱ्याने ठरवायचं का? पण हे मला घरी गेल्यावर सुचलं. बोंद्रे मॅडमना द्यायची उत्तरं मला नेहमी घरी गेल्यावरच सुचायची.

त्या नांद्याला कुदळ्यांच्या घरी माडीवरची खोली भाड्याने घेऊन राहत. शेतकरी घर, आता शेत थोडं आणि भाडेकरू फार. घरमालकीण कुदळे मावशी एकदा नातवाच्या दाखल्यासाठी शाळेत आल्या, तेव्हा मी सहज विचारलं, मॅडमचं कसं काय चाललंय म्हणून.

"बाई लई कडू हाय, सर," मावशी म्हणाल्या. "पन खोटं बोलायची न्हाई. माज्या सूनंला तोंडावर सांगितलं, तुज्या आमटीला चव न्हाई म्हून. सून दोन दिस रडली."

"मग?"

"मंग काय? न्हाईच हाय चव. आमी घरातली बोलत नव्हतो यवडंच."

याच मावशींच्या सासऱ्यांचं, म्हणजे कुदळे आजोबांचं, सहस्रचंद्रदर्शन झालं. हजार पौर्णिमा बघितलेला माणूस म्हणून औक्षण, दिव्यांची ताटं, सगळं गाव जेवायला. आम्हा शिक्षकांनाही बोलावणं होतं. आजोबा फेटा बांधून खुर्चीत बसलेले, लोक येऊन पाया पडत होते. बोंद्रे मॅडम पुढे झाल्या, नमस्कार केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आजोबा, युरेनस नावाचा एक ग्रह आहे. त्याला सूर्याभोवती एक फेरी मारायला चौऱ्याऐंशी वर्षं लागतात. तिथल्या हिशेबाने तुमचा पहिला वाढदिवससुद्धा अजून झालेला नाही. आणखी तीनेक वर्षं काढा."

मंगलकार्यात म्हाताऱ्या माणसाला 'आणखी तीनेक वर्षं काढा' हे कुणी म्हणतं का? थोरल्या मुलाचा चेहरा लाल झाला. जावईबापू उठून उभे राहिले. मी पुढे होऊन काहीतरी सारवासारव करणार, तोच आजोबा म्हणाले, "मंजी मी अजून लंगोटात हाय म्हना की." आणि ते हसले म्हणून बाकीच्यांनी हसून घेतलं. पण थोरल्या मुलाने नंतर मला कोपऱ्यात घेऊन जे सुनावलं, ते मीच ऐकलं. मॅडम तेव्हा जिलेबी नको म्हणून वाढप्याशी वाद घालत होत्या.

युरेनस. माणसाने ग्रह निवडावा तर कुठला? शनीला कडी आहेत, गुरू सगळ्यांत मोठा, मंगळावर तर रोज कुणी ना कुणी जायला निघालेलं. या बाईंनी निवडला तो सूर्यापासून सातवा, नुसत्या डोळ्यांनी धड न दिसणारा, थंडगार. आमच्या जुन्या मराठीत त्याला 'प्रजापती' असं सुंदर नाव होतं. मी एकदा फळ्यावर सुविचाराखाली मुद्दाम लिहिलं: 'प्रजापती हा बर्फाचा ग्रह आहे.' मधल्या सुट्टीपर्यंत ते पुसलेलं होतं. मी जाब विचारायला गेलो तर मॅडम मला थेट पोषण आहाराच्या स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. तिथे मोठ्या कुकरमध्ये खिचडीचं आधण चढलेलं होतं.

"हात लावा," त्या म्हणाल्या.

"भाजेल."

"आत पाणी आहे ना? शंभर अंशांच्या वर गेलंय, तरी उडून जात नाहीये. का?"

"झाकण आहे म्हणून."

"तेच. युरेनसच्या पोटात पाणी आहे, अमोनिया आहे, मिथेन आहे. वरून इतका भार, की हजारो अंश तापलं तरी ते वाफ होऊन सुटत नाही. घट्ट, गरम लगदा. शास्त्रज्ञ त्याला बर्फ म्हणतात ते आपलं सोयीसाठी. तुम्ही मुलांना सांगितलंत की तिथे बर्फ आहे, तर मुलं कुल्फी समजतील."

"पण थंड आहे ना तो?"

"वरून. ढगांत तर इतकी थंडी, की त्याच्या पलीकडच्या नेपच्यूनवरही तेवढी नाही. आतली ऊब तो बाहेर जवळजवळ सोडतच नाही. का सोडत नाही, ते अजून कुणाला नक्की कळलेलं नाही."

आता इथे एखादा हौशी लेखक म्हणेल, की पहा, बाईसुद्धा तशाच, वरून गार आणि आतून गरम. मी म्हणणार नाही. आतून काय होतं ते आम्हाला कधी दिसलं नाही, आणि ग्रहाने काही माझ्या शाळेचा देणगीदार पळवून लावलेला नाही. तो प्रकार पुढे येतोच आहे.

त्याआधी अंड्याचं सांगायला हवं. त्या ग्रहाच्या ढगांत म्हणे सडक्या अंड्यांचा वास येणारा वायू आहे. पुस्तकात हे वाक्य एका ओळीत वाचून पुढे जाता येतं. मॅडमनी खरोखरच एक अंडं सडवलं, काचेच्या बरणीत घालून वर्गात आणलं आणि प्रत्येक मुलाला रांगेने हुंगायला लावलं. दिवस कुठला निवडावा, तर मार्गशीर्षातला गुरुवार. घरोघरी महालक्ष्मीचे घट मांडलेले, अर्ध्या बायकांचे उपास, मुलीसुद्धा आईबरोबर उपाशी. दुसऱ्या दिवशी उरवड्याहून काजल नावाच्या मुलीची आई दोन शेजारणींना घेऊन माझ्यासमोर उभी.

"सर, पोरीनं कालधरनं अन्न शिवलं न्हाई. नाकातनं वास जाईना म्हनती. आन गुरुवारी, घट मांडल्यावर, साळंत अंडं?"

मी मॅडमना बोलावलं. वाटलं होतं, चार माणसांसमोर तरी नमतं घेतील.

"अंडं खायला दिलेलं नाही, वास दिला," त्या म्हणाल्या. "वासाने उपास मोडतो हे वाचलंय, ऐकलंय की पाहिलंय?"

"आमाला कळतं की. वाचाया कशापायी लागतंय?"

"त्या ग्रहावर हाच वास आहे. मुलीला आता तो जन्मभर विसरता येणार नाही."

"आसला वास आसंल तर तितं कशाला जायाचं?" काजलची आई म्हणाली.

मॅडमनी चष्मा खाली घेतला. "हा चांगला प्रश्न आहे," त्या म्हणाल्या आणि त्या बाईला समोरच्या बाकावर बसवून सांगायला लागल्या, की कसं आजवर त्या ग्रहाजवळून एकच यान गेलं, तेही थांबलं नाही, वाटेत जाता जाता जेवढं दिसलं तेवढं बघून पुढे निघून गेलं. शेजारणी कंटाळून बाहेर गेल्या. काजलची आई मात्र ऐकत बसली. शेवटी मीच तास वाजवायला सांगितला. पुढच्या गुरुवारी काजलच्या घरून शाळेत मला एकट्याला प्रसाद आला. मॅडमना नाही.

या सगळ्यातून बाईंना काय हवं होतं? एकच गोष्ट, आणि ती सबंध शाळेला पाठ होती. शाळेला प्रयोगशाळा नव्हती. दहावीचे प्रयोग व्हरांड्यात एका लोखंडी टेबलावर व्हायचे. वारा आला की स्पिरिटचा दिवा विझायचा. परीक्षानळ्या इन मीन पाच. प्रयोग मॅडम करणार, पहिल्या रांगेला दिसणार, मागच्यांनी उड्या मारून बघायचं. शिक्षकांच्या प्रत्येक सभेत, विषय गॅदरिंगचा असो की शौचालयाचा, मॅडम हात वर करून विचारायच्या, "प्रयोगशाळेचं काय झालं?" मी म्हणायचो, प्रयत्न चालू आहेत. त्या म्हणायच्या, "दहावीतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या हातात एकदा तरी परीक्षानळी आली पाहिजे. बघून काही कळत नाही. हातात गरम लागलं की कळतं." दरवर्षी एक वर्ग बाहेर पडायचा आणि दरवर्षी त्या तेच म्हणायच्या. बाकी त्यांच्याबद्दल मी काहीही म्हणेन, पण हे त्या स्वतःसाठी मागत नव्हत्या, एवढं मान्य करतो.

प्रयत्न मी खरंच करत होतो. उरवड्याला एका कारखान्याचे मालक होते, कोठावदे साहेब. माणूस मोठ्या मनाचा, पण त्या मनाभोवती हारतुरे लागायचे. मी त्यांच्या ऑफिसच्या पायऱ्या झिजवल्या, त्यांच्या आईच्या वर्षश्राद्धाला गेलो, त्यांच्या कविता ऐकल्या. मराठीच्या माणसाने याहून जास्त काय सोसायचं? शेवटी ते म्हणाले, तुमचं विज्ञान प्रदर्शन बघायला येतो, तिथेच प्रयोगशाळेची घोषणा करू.

त्या प्रदर्शनासाठी मॅडमनी युरेनस तयार केला. मोठ्या चेंडूवर कागदाचे थर चढवून त्याला हिरवट निळा रंग दिला. सूर्याच्या प्रकाशातला लाल रंग मिथेन गिळून टाकतो म्हणून तो ग्रह तसा दिसतो, हे सगळ्यांना ऐकवून झालं. बारीक तारेची कडी केली, कोळशाच्या पुडीने काळी केली. आणि आरपार एक सळई घातली, ती आडवी. सगळे ग्रह भोवऱ्यासारखे थोडे कलून उभे, हा एकटा पार आडवा झालेला. कुशीवर गडगडत सूर्याभोवती जातो म्हणे. त्यामुळे त्याच्या एका टोकाला बेचाळीस वर्षं उजेड आणि मग बेचाळीस वर्षं काळोख.

तो ग्रह टेबलावर मांडला आणि शाळेतल्या प्रत्येक माणसाने त्याला सरळ केला. आपल्याकडे आडवं पडलेलं दिसलं की हात पुढे होतोच, मग तो तांब्या असो, सायकल असो, नाहीतर देवाची तसबीर. आमचे शिपाई तुकाराम यांनी सकाळी टेबल पुसताना त्याला उभा केला. मॅडमनी आडवा केला. मग चित्रकलेच्या सरांनी उभा केला. मग एका पालकाने. दुपारी तुकाराम परत आले.

"पडला हुता मॅडम. उभा क्येलाय."

"तो पडलेला नाही, तुकाराम. तो तसाच आहे."

"मंजी जन्मापास्नं?"

"बहुतेक कशाची तरी जोरात धडक बसली असावी, फार पूर्वी."

"अरारा," तुकाराम म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी सवयीने पुन्हा उभा केला.

प्रदर्शनाचा दिवस. साहेब आले, औक्षण झालं, शाल-श्रीफळ झालं. संस्थेचे चिटणीस सोबत, गावचे पुढारी सोबत, पोरं मोबाईलवर चित्रण करतायत. साहेब एकेक टेबल बघत पुढे आले आणि युरेनसपाशी थांबले. "अरे अरे, हा बिचारा पडला की," म्हणत त्यांनी दोन्ही हातांनी तो अलगद उचलला आणि सळई उभी करून नीट ठेवला. टाळ्या पडल्या. साहेब खुलले आणि तिथेच बोलायला लागले. "मुलांनो, हा बर्फाचा गोळा बघा. पडलेल्याला उभं करणं हेच विज्ञान आणि हीच माणुसकी. म्हणूनच मी आज या शाळेला..."

"साहेब," बोंद्रे मॅडम म्हणाल्या.

मी डोळे मिटून घेतले.

"साहेब, तो पडलेला नाही. तो आडवाच असतो. आणि बर्फाचा गोळाही नाही." एवढं बोलून त्यांनी सगळ्यांदेखत तो ग्रह पुन्हा आडवा केला.

साहेब हसले, पण डोळे हसत नव्हते. "मॅडम, तुम्ही जाऊन बघून आलात का?"

"नाही. तुम्हीही नाही. पण मी वाचलंय."

मागे कुणीतरी पोरगं फिस्सकन हसलं. साहेबांचं 'या शाळेला' हे वाक्य जे अर्धं राहिलं, ते राहिलंच. चहा न घेता गाडी गेली. चिटणीस माझ्याकडे बघून फक्त "वा" म्हणाले. त्या एका 'वा'ने माझी झोप उडाली.

नंतर शाळेत मॅडमशी कुणी धड बोलत नव्हतं. चहा आला की आम्ही खुर्च्या वळवून घ्यायचो. त्यांना फरक पडला का? उभ्याने चहा घेऊन त्या वर्गावर जायच्या. पुढच्या सभेत त्यांनी हात वर करून विचारलंसुद्धा, "प्रयोगशाळेचं काय झालं?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुम्हीच घालवलीत," मी म्हणालो. "दोन मिनिटं तो चेंडू उभा राहिला असता तर काय आकाश कोसळणार होतं?"

"मुलं बघत होती," त्या म्हणाल्या.

काही दिवसांनी साहेबांचा निरोप आला. प्रयोगशाळा देऊ, शब्द दिला होता तो पाळू. पण बाईंनी येऊन माफी मागावी. मी मॅडमना सांगितलं. त्या नाही म्हणाल्या. चिटणिसांनी सांगितलं, त्यांनाही नाही. वर "माफी कशाची? ग्रह आडवा आहे याची?" असं विचारून आल्या. आठवडे गेले.

मग एके दिवशी व्हरांड्यात प्रयोग चालू असताना वाऱ्याची झुळूक आली, दिवा कलंडला आणि पेटलेलं स्पिरिट टेबलावरून वाहत एका मुलीच्या बाहीपर्यंत गेलं. मॅडमनी उघड्या हातांनी बाही दाबून धरली. मुलीला फार काही झालं नाही. मॅडमच्या दोन्ही तळव्यांना फोड आले. दुसऱ्या दिवशी हाताला पट्ट्या बांधून त्या माझ्या खोलीत आल्या आणि म्हणाल्या, "चला. साहेबांकडे जाऊन येऊ."

वाटेत गाडीत मी त्यांना बजावलं. "मॅडम, आत काहीही विचारलं तरी 'छान आहे' एवढंच म्हणायचं. शाळेचा प्रश्न आहे. तुमचं एक वाक्य आणि मुलांना कायमची प्रयोगशाळा." त्या खिडकीबाहेर बघत होत्या. हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत.

केबिनमध्ये त्यांनी माफी मागितली. "चारचौघांत बोलायला नको होतं. मी चुकले." साहेब एकदम विरघळले. पट्ट्या बघून हळहळले, चहा मागवला. मग टेबलावर एक मोठं चित्र पसरलं. प्रयोगशाळेच्या समोरच्या भिंतीवर रंगवून घ्यायचं होतं ते. सूर्यमाला. आठही ग्रह एका रांगेत, कवायतीला उभे केल्यासारखे ताठ. सातवा हिरवट निळा, त्याची कडी शनीसारखी झोकात आडवी, खाली साहेबांच्या मातोश्रींचं नाव.

"मॅडम, तुम्ही यातल्या तज्ज्ञ," साहेब म्हणाले. टोमणा होता की खरंच विचारत होते, मला आजही सांगता येणार नाही. "आता बरोबर आहे ना?"

मी खोकलो. मॅडम चित्राकडे बघत राहिल्या. चहावर साय धरली.

"छान आहे," बोंद्रे मॅडम म्हणाल्या.

आम्ही निघालो. काम झालं होतं, मी आनंदात होतो. गाडीत मी त्यांना म्हणालो, बघा, एवढंच तर होतं. त्यांनी पिरंगुटला गाडी थांबवायला लावली आणि उतरून चालत गेल्या. भाजलेल्या हातात पिशवी धरता येत नव्हती, ती कोपरात अडकवलेली. मी चला सोडतो म्हणालो, त्यांनी वळूनही पाहिलं नाही. माज असतो एकेकाला.

प्रयोगशाळा बांधून झाली. टाइल्स, ओटे, नळ, काचेची कपाटं, प्रत्येक मुलाला पुरतील इतक्या परीक्षानळ्या. भिंतीवर ती सूर्यमाला. उद्घाटनाच्या आधी मॅडमनी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज माझ्यासमोर ठेवला. नोकरीची अजून काही वर्षं बाकी होती. मी अक्षरशः ओरडलो. "जन्मभर हीच मागत होता ना? आता मिळाली तर निघालात?"

"त्या भिंतीखाली उभी राहून मुलांना काय सांगू?" त्या म्हणाल्या. "चूक आहे असं आता मला म्हणता येत नाही, मी छान म्हणून आले. आणि बरोबर आहे असं मी म्हणणार नाही."

"रंग मारून घेऊ पुढेमागे."

"वाचलंय, ऐकलंय की पाहिलंय?" त्या म्हणाल्या आणि गेल्या. निरोप समारंभ नको म्हणाल्या. शाल आणलेली होती, ती मी नंतर चित्रकलेच्या सरांना दिली.

त्यांची जागा अजून भरलेली नाही. तासिकेवर येणारे एक सर आहेत, गणितही तेच घेतात, विज्ञानही तेच.

परवा पिरंगुटच्या स्टॉपवर मॅडम दिसल्या. दुपारची वेळ, हातात मेथीची जुडी, नांद्याच्या बसची वाट बघत होत्या. मी गाडी बाजूला लावून गेलो. का गेलो, देव जाणे. नमस्कार केला, तो त्यांनी घेतला नाही.

"मुलं प्रयोग करतात का?" त्यांनी विचारलं. कसे आहात नाही, घरी सगळे बरे ना नाही.

मी 'हो' म्हणू शकलो असतो. मराठीच्या शिक्षकाला काय अवघड? पण या बाईसमोर माझी जीभ कधी नीट वळलीच नाही.

"कुलूप असतं," मी म्हणालो.

"कुणी लावलं?"

"संस्थेने. साहेब केव्हाही पाहुण्यांना घेऊन येतात, सगळं नव्यासारखं दिसायला हवं म्हणतात. काचेचं सामान मुलांनी फोडलं तर त्यांना काय तोंड दाखवायचं?"

"आणि मुलं?"

"मुलांना दाखवतो ना. खिडकीतून. रांग लावून."

"प्रयोग कुठे होतात?"

"व्हरांड्यात."

मेथीची जुडी त्यांनी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. तळव्यांवरची कातडी अजून चकाकत होती.

"मग त्या दिवशी मला खोटं कशाला बोलायला लावलंत?"

माझ्याकडे उत्तरं होती. मी काही तुमच्या तोंडात शब्द कोंबले नव्हते, तुम्ही तुमच्या पायांनी आलात. शाळेसाठी केलं. चिटणिसांसमोर माझं काय चालतं? कुलूप मी लावलेलं नाही. यातलं एकही बाहेर पडलं नाही आणि तेवढ्यात बस आली. त्या चढल्या, पलीकडच्या बाजूच्या खिडकीशी बसल्या आणि जुडी मांडीवर ठेवून समोर बघत राहिल्या. कंडक्टरने घंटी मारली. बस दिसेनाशी होईपर्यंत मी तिथे उभा होतो, आणि इतक्या वर्षांत मला या बाईचा एवढा राग कधीच आला नव्हता.